मंगळवारचा चार्ज

चौदा तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा ते बारा मी नसेन, एवढंच मला साहेबांना सांगायचं होतं. त्यासाठी आमच्या कार्यालयाला तीन आदेश, एक शुद्धिपत्रक, एक रंगीत तालीम आणि एक सीलबंद लिफाफा लागेल हे आधी कळलं असतं, तर मी सरळ आजारी पडलो असतो. आजारी पडायला आमच्याकडे साधा अर्ज पुरतो.

आधी माझं महत्त्व सांगून घेतो, कारण ते दुसरं कुणी सांगणार नाही. आमचं कार्यालय लिफ्ट तपासतं. नऊ शाखा, प्रत्येक शाखेत दोन-तीन निरीक्षक, मुख्य कार्यालयात साहेब, आणि अभिलेख विभागात मुख्य लिपिक म्हणून मी. (माझ्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट दीड वर्ष बंद आहे. तो विषय कृपया काढू नये.) दर मंगळवारी अकरा वाजता सगळ्या शाखांची व्हिडिओ मीटिंग असते आणि त्या मीटिंगचा होस्ट मी आहे. हे पद मी मागितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी ते सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "ईमेल कुणाचा टाकू?" साहेब फोनवर बोलत होते, त्यांनी मान वळवून समोर दिसेल त्याच्याकडे बोट केलं. समोर मी होतो.

तेव्हापासून मी बटण दाबल्याशिवाय मीटिंग सुरू होत नाही. अकराला पाच कमी असताना माझ्या पडद्यावर वेटिंग रूममध्ये एकेक नाव येऊन उभं राहतं, आणि मी एकेकाला आत घेतो. ज्यांनी अभिलेखातल्या फायली वेळेवर परत केल्या असतील त्यांना लगेच. बाकीच्यांना चाळीस सेकंदांनी. सगळ्यांना एकदम आत घेणारं एक बटणही तिथे आहे. ते मी चार वर्षांत एकदाही दाबलेलं नाही. तीस वर्षं नोकरी करून माणसाच्या वाट्याला येऊन येऊन काय येतं? मला ही चाळीस सेकंदं आली होती.

आता अडचण. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि ती सूर मारते. म्हणजे तीन मीटर उंच फळीवरून पाण्यात. आमच्या घराण्यात आजवर कुणी बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरलेलं नाही, त्यामुळे हे कुठून आलं ते कळत नाही, पण आलंय. तलाव इतर लोकांसाठी मंगळवारी सकाळी बंद असतो, म्हणून स्पर्धा मंगळवारी सकाळी. आतापर्यंत चार झाल्या. चारही वेळा मी वेटिंग रूममधून लोकांना आत घेत होतो.

पाचवीची तारीख कळली तेव्हा आम्ही जेवत होतो.

"बाबा, या वेळी मी पाण्याकडे पाठ करून सूर मारणार आहे," मुलगी म्हणाली. "पहिल्यांदाच. शेवटच्या फेरीत."

"वा! किती वाजता?"

"अकरानंतर. मंगळवारी." मग तिने माझ्याकडे न बघताच ताट उचललं. "तू नाही आलास तरी चालेल. सवय आहे."

ती रागावली असती तर मी समजूत घातली असती. पण ती हे अगदी सहज म्हणाली, उद्या दूध लागणार नाही असं सांगावं तसं, आणि मला ठसका लागला. बायकोने पाण्याचा पेला माझ्या बाजूला सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो.

"जा की मग!" साहेब म्हणाले. "एका तासाचा प्रश्न आहे. कुणाला तरी होस्ट करून जा. त्यात काय?"

'त्यात काय' हे शब्द मला लागले. चार वर्षं ज्याने एकही मंगळवार चुकवला नाही, गेल्या वर्षी दाढ काढल्यावर कापसाचा बोळा तोंडात धरून ज्याने नऊ शाखा आत घेतल्या, त्या माणसाच्या कामाला 'त्यात काय'? पण मी गिळलं आणि ज्येष्ठ निरीक्षकांकडे गेलो.

मुख्य कार्यालयातल्या आमच्या ज्येष्ठ निरीक्षकांना सगळे तळमजला म्हणतात. कुठलाही विषय काढा, ते "आधी तळमजल्यापासून बघू" असं म्हणूनच सुरुवात करतात आणि आठव्या मजल्यावर पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी होते. माणूस भला आहे. माझं म्हणणं त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "घेतो की. पण मला लेखी द्या. उद्या काही झालं तर होस्ट कोण होता, हा प्रश्न पहिला येईल."

लेखी म्हणजे आस्थापना विभाग, आणि आस्थापना विभाग म्हणजे आस्थापनाबाई. बाईंनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडचं काम दुसऱ्याकडे जाणार. म्हणजे चार्ज देणं-घेणं आलं."

"एका तासासाठी, बाई."

"तास असो की वर्ष. तोंडी चार्ज चालत नाही." त्यांनी कपाटातून दोन पानी नमुना काढून दिला. "यादी करा. वस्तूचं नाव, संख्या, स्थिती, शेरा. तीन प्रती."

आमच्याकडे कुणीही खुर्ची सोडताना ही यादी करतो. पंचिंग मशीन एक, सुस्थितीत. टाचणीचा डबा एक, झाकण नाही. पण होस्टगिरीची यादी कशी करणार? मी दोन दिवस डोकं खाजवून लिहिलं. मीटिंग सुरू करण्याचं बटण, एक, सुस्थितीत. म्यूट करण्याचं बटण, एक, सुस्थितीत. प्रतीक्षा कक्ष, एक, सुस्थितीत. शेरा या रकान्यात सगळीकडे निरंक. तिसऱ्या दिवशी यादी परत आली. प्रतीक्षा कक्षापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'क्षेत्रफळ नमूद करावे.'

तो कक्ष खरा नसतो, हे मी बाईंना पाऊण तास समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "खरा नाही, तर मग लोक त्यात थांबतात कसे?" मी क्षेत्रफळापुढेही निरंक लिहिलं आणि ते मंजूर झालं.

पहिला आदेश निघाला. ज्येष्ठ निरीक्षक चौदा तारखेपुरते होस्ट. तो शाखांना गेल्यावर तासाभरात माझा फोन वाजायला लागला. नऊपैकी सहा शाखाप्रमुखांना जाणून घ्यायचं होतं की हा मान तळमजल्यालाच का. एकाची नोकरी तीन महिन्यांनी जास्त होती. दुसऱ्याने लिफ्टच्या तुटलेल्या दोरांवर अहवाल लिहिला होता. तिसरा नुसता दुखावला होता, कारण सांगत नव्हता. साहेबांना कटकट आवडत नाही. त्यांनी दुसरा आदेश काढला, सगळ्याच शाखाप्रमुखांना को-होस्ट करण्यात येत आहे. त्यात एक शाखा राहून गेली, म्हणून शुद्धिपत्रक.

माझी अवस्था विचारू नका. चार वर्षं एकट्याने सांभाळलेलं राज्य दहा जणांत वाटलं जात होतं आणि वाटणीच्या याद्या मीच टाइप करत होतो. झोप उडाली. जेवताना पाय हलायचा. बायको म्हणाली, "अहो, टेबल हलतंय."

याच सुमारास वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक मला जिन्यात भेटले. लिफ्ट बंद असल्यामुळे ते प्रत्येक वळणावर दम खायला थांबतात आणि जो सापडेल त्याला सल्ला देतात. मी सापडलो.

"अधिकार द्यावा," ते धापा टाकत म्हणाले, "पण पूर्ण देऊ नये. मी शाळेत घंटा शिपायाला वाजवू दिली. घड्याळ मात्र माझ्या खिशात ठेवलं." पुढच्या वळणावर म्हणाले, "निवृत्त झालो त्या दिवशी ते घड्याळसुद्धा मागून घेतलं हो त्यांनी."

यातून नेमका काय बोध घ्यायचा ते मला कळलं नाही, पण पहिला भाग पटला.

सात तारखेला रंगीत तालीम ठेवली. मी मीटिंग उघडली, सगळ्यांना आत घेतलं, हृदयावर दगड ठेवून एकेकाला को-होस्ट केलं. आता प्रत्येकाच्या हातात प्रत्येकाला म्यूट करायचं बटण. पहिली दोन मिनिटं सगळे शहाण्यासारखे वागले. मग दोरांच्या अहवालवाल्याने दुसऱ्या शाखेचा आवाज बंद केला, कारण तिथे टंकलेखन ऐकू येत होतं. त्या शाखेने याचा बंद केला. तिसऱ्याने दोघांचा. पडद्यावर नऊ माणसं तोंडं हलवत होती आणि एकाचंही अक्षर ऐकू येत नव्हतं. तळमजला हातवारे करून सांगत होते की तळमजल्यापासून बघू. या धुमश्चक्रीत कुणीतरी साहेबांनाच मीटिंगबाहेर काढलं.

काढलेला माणूस आपणहून परत येऊ शकत नाही. साहेब स्वतःच्या खोलीत बारा मिनिटं 'आपणास या सभेतून काढण्यात आले आहे' हे वाक्य वाचत बसले आणि शेवटी उठून तळमजल्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. नऊही शाखांना तळमजल्यांच्या डोक्यावर साहेबांच्या शर्टाच्या बटणांचा भाग दिसला. सगळे आपोआप ताठ बसले.

हे कुणी केलं याची आठवडाभर चौकशी चालली. संशय दोरांच्या अहवालवाल्यावर होता, आणि तो शपथा घेऊन थकला. आता गोष्ट जुनी झाली म्हणून सांगतो. ते मी केलं. साहेबांच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता, त्यांना म्यूट करायला गेलो आणि शेजारचं बटण दाबलं गेलं. चौकशी अहवालाची फाइल माझ्याच अभिलेखात आहे, आणि ती मी नीट ठेवली आहे.

तालीम संपताना तळमजल्यांनी एक प्रश्न विचारला. तो खरं तर पहिल्या दिवशी कुणीतरी विचारायला हवा होता. "तुम्ही मीटिंग उघडता आणि मग आम्हाला को-होस्ट करता. मीटिंग संपली की आमचं को-होस्टपण संपतं. चौदा तारखेला तुम्हीच नसाल, तर आम्हाला करणार कोण?"

सगळे गप्प. या वेळी कुणाचाही आवाज बंद केलेला नव्हता.

दोन्ही आदेश रद्द झाले. सॉफ्टवेअर कंपनीला फोन केल्यावर कळलं की सोपा मार्ग आहे. होस्टची एक सहा आकडी संख्या असते. होस्ट नसेल तेव्हा दुसऱ्याने ती टाकली की तो होस्ट. बस्स, एवढंच. साहेबांनी सुस्कारा सोडला, आस्थापनाबाईंनी मात्र पेन उघडलं. संख्या गोपनीय, म्हणून ती फोनवर सांगायची नाही, ईमेलने पाठवायची नाही. मी ती स्वहस्ताक्षरात लिहून सीलबंद लिफाफ्यात द्यायची, लिफाफा बाईंच्या कपाटात राहील, आणि चौदा तारखेला अकराला दहा कमी असताना दोन साक्षीदारांसमोर उघडून तळमजल्यांना दिला जाईल. तिसरा आदेश. शुक्रवारी मी संख्या लिहिली, लिफाफा चिकटवला, त्यावर लाख लागली. बाईंनी कपाट बंद करताना जो आवाज झाला तो मी घरी जाईपर्यंत ऐकत होतो.

सोमवारी संध्याकाळी मुख्याध्यापक पुन्हा जिन्यात. मी सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

"गुप्त संख्या दर आठवड्याला बदलावी," ते म्हणाले. "आमच्याकडे प्रश्नपत्रिकेच्या कपाटाचं कुलूप आम्ही तीनदा बदललं होतं."

मी घरी आलो, लॅपटॉप उघडला आणि संख्या बदलली.

लिफाफ्यात जुनी संख्या आहे हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. साहेबांना, बाईंना, बायकोला. पण खरं सांगू? नवी संख्या टाकताना माझ्या डोळ्यांसमोर तो लिफाफा स्पष्ट दिसत होता. उद्या सकाळी फोन करून सांगू, असं मी मनाशी म्हणालो. सकाळी फोन केला नाही. आपल्यावाचून काही अडत नाही हे बघायची माझी तयारी नव्हती.

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी बायकोबरोबर तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. आत सगळं हिरवट निळं, दमट, आणि शिट्टीचा आवाज चारही भिंतींवर आपटून परत येत होता. खाली मुली टॉवेल गुंडाळून बाकावर ओळीत बसल्या होत्या. आमचीच्या पाठीवर सात नंबर होता. तिने आम्हाला शोधलं, मला पाहिलं आणि आश्चर्याने शेजारच्या मुलीला कोपर मारलं. मला फार बरं वाटलं. मी हात हलवला आणि त्याच हाताने घड्याळ बघितलं. दहा पन्नास. लिफाफा उघडत असतील.

"फोन खिशात ठेवा," बायको म्हणाली.

"ठेवतोच आहे."

दहा अठ्ठावन्नला तो वाजला. आस्थापनाबाई.

"लिफाफा उघडला. दोन साक्षीदार हजर. संख्या चालत नाही."

"अरेच्चा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला. "बदलली वाटतं. लिहून घ्या, नवी संख्या सांगतो."

"तोंडी?"

"बाई, अकरा वाजत आले."

"आदेशात लिहिलंय, फोनवर सांगायची नाही. सही तुमचीच आहे खाली. नवा लिफाफा पाठवा."

नऊ शाखा दाराबाहेर उभ्या होत्या. मी ठरवलं, इथूनच फोनवर मीटिंग उघडून देऊ आणि तळमजल्यांना होस्ट करून मोकळे होऊ. एका मिनिटाचं काम. उघडली. एकेक नाव येऊ लागलं. पहिल्या शाखेला आत घेतलं. दुसऱ्या शाखेकडे तीन फायली होत्या, त्यांना जरा थांबवलं. इतकी वर्षं बोटांना लागलेली सवय, ती तलावावर आलो म्हणून कशी सुटणार?

खाली शिट्टी वाजली. मग धप्प असा आवाज झाला, आणि मी मान वर करून पाहिलं तर फळी एकटीच थरथरत होती आणि पाण्यावर गोल वलयं पसरत होती.

"कोण होती?" मी विचारलं.

"सात नंबर," बायको म्हणाली.

सूर मारायला किती वेळ लागतो, याची मला कल्पनाच नव्हती. चार वर्षं मी एका तासाच्या मीटिंगमुळे येऊ शकत नाही, येऊ शकत नाही, म्हणत होतो, आणि इथे ज्याला मुकलो ते सगळं मिळून दोन सेकंदांचं होतं.

"अजून दोन फेऱ्या आहेत," मी म्हणालो.

मी घाईघाईने उरलेल्यांना आत घेतलं आणि होस्टपण तळमजल्यांना द्यायला यादी उघडली. फोनवर ती यादी मुंग्यांएवढ्या अक्षरांची. घामाने बोट घसरलं आणि होस्टपण पाचव्या शाखेला गेलं. पाचव्या शाखेच्या चौकोनात कुणीच नव्हतं. एक रिकामी खुर्ची, तिच्या पाठीवर स्वेटर. शाखाप्रमुख हात धुवायला गेले होते. साहेब कानात ओरडत होते, "होस्ट कोण आहे? मला बोलता येत नाहीये की ऐकू येत नाहीये?" मी कुजबुजत होतो, "साहेब, होस्ट खुर्ची आहे. जरा थांबा." पुढच्या पायरीवरच्या बाई मागे वळून "श्श" म्हणाल्या.

एवढ्यात पाचवे शाखाप्रमुख आले, पडद्यावर स्वतःच्या नावापुढे 'होस्ट' वाचलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे माझ्याकडे कसं? माझ्या चार्जच्या यादीत हे नाही!" असं म्हणत त्यांनी गरम तवा टाकावा तसं ते पुन्हा माझ्यावर टाकलं. मी हुश्श केलं.

टाळ्या वाजत होत्या. चांगल्या जोरात वाजत होत्या. मी वर पाहिलं. पाणी पुन्हा गोल गोल हलत होतं.

"ही पण?" मी विचारलं.

"छान मारला," बायको म्हणाली. "वर येऊन तिने इकडे पाहिलं. तुमचं टक्कल दिसलं असेल तिला."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. खाली ती काठाशी उभी राहून केस पिळत होती आणि पुन्हा आमच्याकडे बघत नव्हती. आणि माझ्या हातात तळमजल्यांनी सुरुवात केली होती, "तर सर्व शाखांनी आधी तळमजल्यापासून बघू या..." साहेब म्हणाले, "ऐकू येतंय का सगळ्यांना?" सहा शाखा एकदम म्हणाल्या, "नाही." ज्याला ऐकू येत नाही तो उत्तर कसं देतो, हे मला कधीच कळलेलं नाही.

शेवटची फेरी सुरू झाली. पाच नंबर गेली. सहा नंबर गेली. सात नंबर शिडी चढायला लागली.

"बोला ना, होस्ट!" साहेब ओरडले. "तुम्ही आहात ना तिथे?"

बायकोने तळहात पुढे केला. "आणा इकडे."

"अगं, तुला नाही जमणार. त्यात वेटिंग रूम असते, म्यूट..."

"पहिली दोन वर्षं घरून काम होतं, तेव्हा ही मीटिंग आपल्या जेवणाच्या टेबलावर व्हायची. मी तुमच्या मागे उभी राहून भाजी चिरायचे. सगळी बटणं पाठ आहेत मला." हात तसाच पुढे होता. "मी चार स्पर्धा पाहिल्यात. ही तुमची आहे."

मी फोन दिला. यादी नाही, सही नाही, तीन प्रती नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या हातात नव्हता, आणि हाताचं काय करायचं ते मला कळेना.

"नमस्कार," बायको फोनमध्ये म्हणाली. पायऱ्यांवर सगळ्यांना ऐकू गेलं. "मी यांची बायको बोलतेय. मुलगी फळीवर उभी आहे. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही." आणि तिने एक बटण दाबलं. साहेब, तळमजला आणि नऊ शाखा एका दमात गप्प झाल्या. हे सगळ्यांना एकदम म्यूट करायचं बटण होतं. मला ते माहीत होतं, पण मी माणसं एकेक करून म्यूट करत असे.

मुलगी फळीच्या टोकाशी गेली आणि वळली. पाण्याकडे पाठ. टाचा हवेत, नुसते चवडे फळीवर. तिने मान उचलून आमच्याकडे पाहिलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी दोन्ही हात वर केले आणि मोकळे तळवे तिला दाखवले. ती क्षणभर बघत राहिली. मग तिने हात वर नेले, अंग मागे टाकलं आणि ती निघाली.

मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. पाठीची कमान झाली, डोकं खाली गेलं, हात जुळले, आणि अगदी शेवटी, पाण्याला लागता लागता, तिचे पाय गुडघ्यात वाकले. धप्प. पाणी पहिल्या पायरीपर्यंत उडालं. पुढच्या बाई ओल्या झाल्या आणि पुन्हा मागे वळून माझ्याकडे बघू लागल्या, जणू तेही मीच केलं.

मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. बहुतेक एकटाच.

नऊ जणींत तिचा सातवा नंबर आला. बायकोने सगळ्यांचा आवाज पुन्हा सुरू केला तेव्हा कळलं की कॅमेरा पाण्याच्या बाजूला होता आणि सगळ्या शाखांनी सूर पाहिला होता. तळमजला गंभीरपणे म्हणाले, "सुरुवात उत्तम. पण खाली येताना शेवटच्या मीटरला नियंत्रण हवं होतं." दोरांच्या अहवालवाल्याने अनुमोदन दिलं. लिफ्ट तपासणारी माणसं, त्यांना उतरणं कळतं. साहेबांनी मीटिंग पुढच्या मंगळवारपर्यंत तहकूब केली आणि बायकोला विचारलं, "वहिनी, हे सगळ्यांना एकदम गप्प करायचं बटण नक्की कुठे असतं?"

मुलगी टॉवेल गुंडाळून बाहेर आली. ओठ निळे पडले होते.

"बाबा, पाहिलास?"

"पाहिला."

"कसा झाला?"

छान झाला, असं म्हणणार होतो. जिभेवर आलं होतं. पण मी म्हणालो, "शेवटी पाय वाकले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली, एवढी हसली की तिला खोकला आला. "खरंच पाहिलास!" ती म्हणाली आणि ओल्या डोक्यासकट माझ्या शर्टाला येऊन चिकटली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर आस्थापना विभागाचा कागद होता. कार्यालयाबाहेरील व्यक्तीस विनायादी चार्ज दिल्याबद्दल खुलासा करावा, आणि यादी आज तरी सादर करावी. मी नमुना घेऊन बसलो. वस्तूचं नाव, मोबाइल फोन. संख्या, एक. स्थिती, सुस्थितीत. चार्ज घेणार, पत्नी. दुपारी घरी जाऊन तिची सही आणली. तिने वाचल्याशिवाय केली नाही.

राहिला शेरा. तीस वर्षं मी त्या रकान्यात निरंक लिहीत आलो आहे. पेन उघडलं, बराच वेळ धरून बसलो आणि लिहिलं, 'तिसऱ्या फेरीत पाय वाकले. पूर्ण पाहिले.'

ही यादी पेन्सिलीचे शेरे घेऊन परत येणार याची मला खात्री होती. संध्याकाळपर्यंत मी चार वेळा आस्थापना विभागाच्या दारावरून गेलो. साडेपाचला बाईंनी मला हाक मारली. चष्मा खाली घेऊन त्यांनी तो रकाना पुन्हा एकदा वाचला, तिन्ही प्रतींवर शिक्का मारला आणि एक प्रत माझ्या हातात दिली.

"ही घरी ठेवा," त्या म्हणाल्या.